हात येथे, दृष्टी तेथे

मनुष्याच्या कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने त्याच्याच देहाच्या अंतर्भागाचे चित्र काढावे, ही कल्पना प्रत्यक्षात उतरायला पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युत् उत्पन्न होते, हे पियेर आणि झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले. पियेर क्यूरींचाच शिष्य पॉल लांजव्हँ याने पहिल्या महायुद्धात त्या गुणधर्माच्या आधारे समुद्राच्या पोटातील पाणबुड्यांचा माग काढण्याची योजना आखली. आणि ग्लासगोच्या इयन डोनल्ड यांनी आपल्या सहकाऱ्यांसह उदरातील गाठींच्या परीक्षेविषयीचा निबंध 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला तो १९५८ साली. तेव्हापासून आजवर यंत्र कपाटाएवढे होते ते खिशात मावेल इतके लहान झाले आणि अंधुक चित्र लख्ख झाले. परंतु एक गोष्ट जशीच्या तशी राहिली, ती ही की सोनोग्राफीचे चित्र हातच काढतो. क्ष-किरणांच्या किंवा सी.टी.च्या खोलीत रुग्णाला नेमून दिलेल्या जागी निजवून यंत्राला नेमका हुकूम दिला म्हणजे चित्र येते, आणि कळ दाबणारा कोण होता याला फारसे महत्त्व उरत नाही. सोनोग्राफीत मात्र तोच रुग्ण, तेच यंत्र आणि तीच घटका असूनही, आतड्यांच्या वेटोळ्यांत दडलेले जे आंत्रपुच्छ एका हाताला सापडते ते दुसऱ्याला सापडत नाही.

म्हणून दूरच्या मुलखात नुसती यंत्रे पाठवून भागत नाही. हा हातच दूर पाठवण्याची जी खटपट गेली पंचवीस-तीस वर्षे अनेक देशांत चालू आहे, तिच्याविषयी दोन माणसांचे माझ्या समक्ष झालेले बोलणे येथे देत आहे. त्यांपैकी एक माझे ज्येष्ठ स्नेही. विदर्भातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी रेडिओलॉजिस्ट म्हणून त्यांनी आयुष्य वेचले. दुसरी त्यांची भाची. ती यंत्र-अभियंता असून वैद्यकीय उपकरणांची रचना हा तिचा व्यवसाय आहे, आणि तूर्त ती हातात धरता येईल एवढ्या लहान, पण पोटात मोटारी असलेल्या व दुरून चालवता येणाऱ्या प्रोबच्या, म्हणजे रुग्णाच्या अंगावर टेकवायच्या सोनोग्राफीच्या साधनाच्या, आराखड्यावर काम करीत आहे. दोघांच्या मतांत अंतर पुष्कळ आहे, परंतु कळकळ दोघांचीही सारखीच खरी आहे.

मामा : तुझा आराखडा मी बारकाईने पाहिला. कारागिरीविषयी माझी तक्रार नाही. माझी हरकत मुळातल्या गृहीताला आहे. प्रोब इकडून तिकडे नेणारे साधन म्हणजे हात, तो सरकतो, फिरतो, कलतो, आणि एवढ्या हालचाली मोटारींकडून करवून घेतल्या की हाताचे काम झाले, असे तू धरून चालली आहेस. पण पित्ताशयाला सूज आल्याची शंका असते तेव्हा मी प्रोब नेमका पित्ताशयावर आणून दाबतो आणि त्या क्षणी पडदा सोडून रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहतो. त्याच जागी तो कळवळला, तर निदानाला तो मोठाच आधार असतो. आंत्रपुच्छ निरोगी असेल तर दाबाखाली चेपते, सुजलेले असेल तर चेपत नाही. मांडीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी आहे की नाही हे ओळखण्याची तर सारी रीतच दाबण्यावर उभी आहे : निरोगी शीर प्रोबच्या दाबाने पार मिटते, गुठळी असलेली मिटत नाही. हे दाबणे, हे पाहणे आणि त्यातून उमजणे एकाच देहात, एकाच क्षणी घडते. तू त्याची फाळणी करून एक हिस्सा गडचिरोलीतल्या भामरागडला ठेवणार आणि दुसरा नागपूरला.

भाची : मामा, तुमचा हात हवा की माझे यंत्र, अशी निवड असती तर मी माझा आराखडा आजच गुंडाळून ठेवला असता. पण पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो तेव्हा तिथल्या बाईला तुमचा हात मिळत नाही. तिच्यापुढे निवड आहे ती काहीतरी आणि काहीच नाही यांच्यातली. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात अगदी उत्तरेकडे ला लोश नावाचे गाव आहे. वस्ती बहुतांशी डेने आणि मेटी लोकांची, आणि सॅस्कटून शहरापासून अंतर सुमारे ६०० किलोमीटर. २०२० साली तिथे करोनाची साथ पसरली, प्रवासावर निर्बंध आले, आणि बाहेरून येणाऱ्या तंत्रज्ञांची सोनोग्राफी बंद पडली. गर्भवतींचे दिवस काही कोणासाठी थांबत नव्हते. तेव्हा सॅस्कटूनच्या विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 'मेलडी' नावाचे फ्रेंच यंत्र त्या गावात वापरले. गावातली सहायक व्यक्ती यंत्राची चौकट पोटावर धरते. चौकटीतला प्रोब कलवायचा किती, फिरवायचा किती, हे शहरात बसलेली तंत्रज्ञ एका लटक्या प्रोबने ठरवते. ती तो लटका प्रोब जसा वळवील तसा खरा प्रोब तिकडे वळतो. एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेण्याचे काम मात्र तिथल्याच माणसाचे. शहरातून सांगायचे, 'थोडे वर घ्या, थोडे उजवीकडे घ्या.'

मामा : म्हणजे निम्मे काम तोंडी सांगूनच झाले. मग उरलेले निम्मेही तसेच का होऊ नये? आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर २००४ साली अंतराळवीरांनी एकमेकांच्या खांद्यांची सोनोग्राफी केली, हे मी 'रेडिऑलॉजी' मासिकात वाचले होते. त्यांच्यात रेडिओलॉजिस्ट कोणी नव्हता, यंत्रबाहूही नव्हता. थोडीशी पूर्वतयारी होती, आणि जमिनीवरचे तज्ज्ञ चित्र पाहून तोंडी सूचना देत होते. पृथ्वीला प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाच्या बाबतीत जे साधले, ते एटापल्लीच्या आमच्या सिस्टरच्या बाबतीत साधणार नाही असे मानण्याचे कारण काय? झांबियात तर याहून पुढची गोष्ट झाली. अननुभवी माणसाने प्रोब पोटावरून ठरावीक रेघांनी नुसता फिरवायचा, पडद्याकडे पाहण्याची गरजच नाही, आणि गर्भ किती आठवड्यांचा आहे हे संगणकाने सांगायचे, असा प्रयोग तिथे नॉर्थ कॅरोलायनाच्या डॉक्टरांच्या साहाय्याने झाला आणि २०२२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिथे मोटार नाही, लटका प्रोब नाही, दूर बसलेला तज्ज्ञसुद्धा नाही. तुझ्या यंत्राची किंमत आणि दुरुस्तीचा जाच डोळ्यांपुढे आणला, म्हणजे तेवढ्या पैशांत किती परिचारिका शिकवून तयार होतील हाच हिशेब मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

हा युक्तिवाद मला त्या वेळी बिनतोड वाटला होता, आणि आजही त्याचे वजन मला कमी वाटत नाही. दूरदेशी यंत्र पाठवण्याच्या उत्साहात तिथे आधीपासून असलेल्या माणसाला शिकवण्याची तजवीज बाजूला पडते, हा आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेतला जुना दोष आहे. भाचीने तो नाकारला नाही; तिने मोर्चा वळवला तो तोंडी सूचनेच्या मर्यादेकडे.

भाची : झांबियातली रीत मला मनापासून मोलाची वाटते, पण ती आधी ठरवलेल्या थोड्या प्रश्नांची उत्तरे देते : आठवडे किती, गर्भ आडवा आहे की उभा. वाटेत अनपेक्षित काही दिसले तर थांबून, मागे वळून, वेगळ्या कोनातून पाहणे तिच्यात नाही. आणि तोंडी सूचनेचे म्हणाल, तर सरकवणे बोलून सांगता येते, कलवणे सांगता येत नाही. 'दोन बोटे खाली' हे कोणालाही कळते. पण गर्भाच्या हृदयाचे चारही कप्पे एका चित्रात आणायचे तर पाचएक अंशांचा फरकसुद्धा चित्र घालवतो. शिवाय तेवढ्यात बाळ हलते. 'किंचित कलवा, नाही, तिकडे नाही, थोडे परत, हां, आता थांबा' असे म्हणेपर्यंत दिसलेले निसटते, आणि दोन्हीकडची माणसे थकतात. कलवणे आणि फिरवणे ही तज्ज्ञाच्या बोटांतली बुद्धी आहे; ती बोटांनाच परत द्यावी, आणि प्रोब योग्य जागी आणून धरणे हे जवळच्या माणसाकडे ठेवावे, असा विचार फ्रान्समधल्या तूर शहराच्या फिलिप आर्बेय यांनी केला. त्यांच्या पहिल्या यंत्रांत प्रोबच्या बाहेर चौकट होती आणि चौकटीच्या मोटारी सबंध प्रोब हलवीत. पुढे त्यांनी चौकटच काढून टाकली. प्रोबचे कवच पोटावर स्थिर राहते आणि कवचाच्या आत स्फटिकांची पट्टी तेवढी कलते व फिरते. वजन अर्ध्या किलोहून कमी. अवकाश स्थानकावरही २०१७ साली असा प्रोब वापरला गेला : अंतराळवीराने तो अंगावर धरायचा आणि जमिनीवरच्या तज्ज्ञाने आतली पट्टी वळवायची. २००४ साली ज्या स्थानकावर तोंडी सूचनेने काम झाले, त्याच स्थानकावर पुढे मोटारीची गरज भासली, हे मला फार बोलके वाटते.

मामा : कवच स्थिर आणि आतले हलते, याने रुग्णाला काय फरक पडतो?

भाची : फार मोठा. प्रोब बाहेरून कलवला की त्याची एक कड त्वचेत रुतते आणि दुसरी उचलली जाते. उचललेल्या कडेखाली हवा शिरते, आणि हवेच्या थरावरून ध्वनी जवळजवळ सगळाच्या सगळा परत फिरतो, म्हणून तिथले चित्र काळे पडते. तुम्ही तेव्हा नकळत मनगट सावरता आणि थोडे अधिक जेल घेता. यंत्राला ते नकळत करता येत नाही. आतली पट्टी हलवली तर कवच त्वचेवर होते तसेच राहते, जेलचा थर मोडत नाही, बाईला अंगावर काही हलल्याची जाणीवही होत नाही.

यानंतर तिने त्या कवचाच्या अंतर्भागाचे जे वर्णन केले ते मी थोडे विस्ताराने देतो. कारण लहान यंत्र म्हणजे मोठ्या यंत्राची केवळ आखूड प्रतिकृती अशी जी सर्वसाधारण समजूत असते, ती किती अपुरी आहे हे त्यावरून ध्यानात येते.

भाची : स्फटिकांच्या पट्टीत बहुधा १२८ सूक्ष्म खंड असतात, आणि प्रत्येक खंडाला केसासारखी बारीक स्वतंत्र तार. पट्टी फिरली की सबंध तारांची जुडी मानेपाशी पिळली जाते. हजारो वेळा पिळली की एकेक तार तुटते आणि चित्रात उभे काळे पट्टे येऊ लागतात. म्हणून मी पट्टीला अर्ध्या फेऱ्यापलीकडे फिरू देत नाही. अर्धा फेरा पुरतो, कारण त्यापुढचे प्रत्येक चित्र आधीच्याच चित्राची उलटी बाजू असते. पट्टी ज्या पोकळीत हलते ती तेलाने भरावी लागते, आणि तेलही असे हवे की ध्वनीची त्यातली गती शरीरातल्या गतीच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे १५४० मीटरच्या, जवळपास असावी. नाहीतर किरण वाकतात आणि मापे चुकतात. तेलात एक बुडबुडा राहिला तरी त्याच्यामागचे सारे अंधारात जाते, म्हणून सील गळता कामा नये. मोटारीची आणि स्फटिकांची उष्णता त्याच बंद डबीत साठते. आणि त्वचेला टेकणारा पृष्ठभाग ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापता कामा नये हा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, म्हणजे मोटार जोरदार घेण्याची मुभा मला नाही. आणि शेवटची गोष्ट कोणाच्या लक्षात येत नाही ती धुण्याची. चौकटीच्या यंत्रात सांधे, खाचा, स्क्रू असतात. त्यांत जेल जाऊन वाळते. आरोग्य केंद्रात दोन रुग्णांच्या मध्ये ते कोण कोरून काढणार? बंद कवच फडक्याने पुसता येते.

मामा : हे मात्र मला पटले. आमच्या विभागात प्रोबच्या मुठीच्या फटीत वाळलेले जेल मी स्वतः सुईने काढलेले आहे. पण तू मघापासून एका प्रश्नाला बगल देते आहेस. दाबायचे कोणी?

भाची : बगल देत नव्हते, तो सर्वांत अवघड म्हणून शेवटी ठेवला होता. कलवण्याचा हुकूम थोडा उशिरा पोहोचला तर चित्र उशिरा येते, एवढेच. दाबाचे तसे नाही. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर असलेल्या उपग्रहामार्फत तुमचा हुकूम जायचा आणि चित्र यायचे, तर नुसत्या अंतरापायीच अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो. स्नानगृहात गरम पाणी नळाला उशिरा येते तेव्हा आपण अधीरपणाने चावी जास्त फिरवतो, मग पोळते, मग उलट फिरवतो, मग गारठते. दाब दुरून सांभाळू पाहणाऱ्या यंत्राचे अगदी तसे होते, आणि ते पोळणे-गारठणे गर्भवतीच्या पोटावर होते. म्हणून दाबाची प्रतिक्षिप्त क्रिया दूरच्या तज्ज्ञाकडे ठेवताच येत नाही. ती रुग्णापाशीच राहिली पाहिजे. मोठे यंत्रबाहू हे काम आपल्या सांध्यांतल्या दाबमापकांनी स्वतः करतात. २०२० साली वूहानमधल्या करोनाच्या रुग्णांची सोनोग्राफी हांगझौहून, म्हणजे सुमारे ७०० किलोमीटरवरून, अशाच यंत्रबाहूने झाली, दिल्लीच्या आय.आय.टी.ने आणि एम्सनेही आपल्याकडे तसा बाहू सिद्ध केला आहे. पण त्या जातीचा हलका समजला जाणारा बाहूसुद्धा अठरा-वीस किलोचा असतो, त्याला भक्कम बैठक लागते, अखंड वीज लागते, आणि वीज गेली तर तो जिथे असेल तिथेच थिजतो. मी कवचातच एक तिसरी मोटार योजली आहे. ती पट्टीसकट पुढचा भाग थोडा बाहेर ढकलील आणि स्प्रिंगच्या आधाराने ठरलेला दाब राखील.

मामा : कितीचा दाब?

भाची : साधारण पोटाच्या तपासणीला अर्ध्या किलोपासून दीड-दोन किलोच्या वजनाइतका. स्थूल देहाला त्याहून जास्त.

मामा : आणि पोटात ज्याच्या आग पडली आहे, त्याला?

भाची गप्प राहिली. मामांचा आवाज या ठिकाणी चढला नाही. उलट ते सावकाश, एकेक शब्द तोलून बोलू लागले.

मामा : हे बघ, तुझ्या तिसऱ्या मोटारीवर माझा रोष नाही, पण ती ज्या जागी बसली आहे ती जागा मोकळी नाही. तिथे एक माणूस उभा आहे. ज्या सिस्टरच्या हातात तू तो प्रोब देणार, तिने त्या पाड्यावरच्या बायकांची बाळंतपणे केलेली असतात. ती माडिया बोलते, मी बोलत नाही. बाईने ओठ मिटून घेतले तर ते दुखल्यामुळे की लाजेमुळे, हे तिला कळते, मला नागपुरातून पडद्यावर कळणार नाही. दाबण्याचा अखत्यार तिचा असू दे. तुझ्या यंत्राने दाब मोजावा, देऊ नये.

भाची : पण मग चित्राचा दर्जा तिच्या हाताच्या बळावर अवलंबून राहील. मी यंत्र करते आहे ते माणसागणिक होणारा हाच फरक कमी करण्यासाठी. आणि मामा, सोनोग्राफी करणाऱ्यांच्या सर्वेक्षणांत ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांना खांदा, मान, मनगट यांचे दुखणे असल्याचे दिसते, आणि त्याचे एक मोठे कारण तासन्‌तास दाबून धरणे हेच आहे. तुमचा उजवा खांदा मी लहानपणापासून पाहते आहे. तुमचा खांदा वाचवून तोच भार त्या सिस्टरच्या खांद्यावर टाकायचा, यात न्याय कुठला?

या प्रत्युत्तराने मामा थबकले. ते खरे होते, आणि त्यांच्या स्वतःच्या देहाने त्याची साक्ष दिलेली होती. थोड्या विचाराअंती ते म्हणाले, की मी दिवसाला चाळीस-चाळीस रुग्ण पाहत असे, लहान केंद्रावर तिला तेवढे नसतील. आणि कवच हलके असेल, मूठ तिच्या हाताच्या मापाची असेल, कोपर पलंगाच्या कडेवर टेकता येईल, तर तेवढे तिला जड जाणार नाही. मूठ तिच्या मापाची करण्याचा मुद्दा भाचीने लगेच टिपून घेतला. तिचा आराखडा आतापर्यंत मोटारींच्या मापावरून ठरत आला होता.

यानंतर बोलणे कायद्याकडे वळले, आणि माझ्या मते खरा अडसर तिथेच आहे. महाराष्ट्रात सोनोग्राफीचा प्रोब ही निर्विकार वस्तू राहिलेली नाही. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा देशात सर्वप्रथम याच राज्याने १९८८ साली केला आणि १९९४ साली केंद्राने केला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमागे मुलींचे प्रमाण राज्यात २००१ साली हजारी ९१३ होते, ते २०११ साली ८९४ वर आले, आणि बीड जिल्ह्यात तर ते ८०७ वर घसरले. या आकड्यांमागे जे घडले त्यात यंत्राचा आणि ते चालवणाऱ्या हाताचा वाटा होता, हे विसरून या विषयावर बोलणे मला अशक्य वाटते.

मामा : म्हणून लहान यंत्र म्हटले की सरकारी दप्तराच्या कपाळाला आठी पडते, आणि ती आठी सकारण आहे. मोटारीच्या डिकीत यंत्र घालून गावोगाव हिंडणारे लोक होते. २०१२ साली नियम कडक झाले : हलवता येण्याजोगे यंत्र नोंदणीकृत संस्थेच्या आवारात, दाखल रुग्णांपुरते वापरावे, नाहीतर ठरावीक अटींवर फिरत्या वैद्यकीय पथकात. कायदा जागेची नोंदणी करतो, यंत्राची करतो, चालवणाऱ्याच्या पात्रतेची खातरजमा करतो. तुझ्या रचनेत यंत्र भामरागडला, दाबणारा हात सिस्टरचा, कलवणारा माझा, आणि चित्र दोन्हीकडे. उद्या चौकशी झाली तर तपासणी कोणी केली, आणि कुठे केली?

भाची : उलट माझ्याच यंत्रात लपवणे सर्वांत कठीण आहे. तुमच्या हाताने कोणता कोन किती वेळ धरला याची नोंद कुठेच राहत नाही. माझ्या मोटारींची प्रत्येक हालचाल वेळेसकट उतरून राहते, आणि चित्रही. कोल्हापुरात २०१० च्या सुमारास सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाची नोंद ठेवणारी पेटी जोडली होती, ती वेगळी आणून बसवावी लागली. इथे नोंद ठेवणे यंत्राच्या घडणीतच आहे.

मामा : नोंद ठेवणे वेगळे आणि नोंद तपासणे वेगळे. ती पेटी बसवली तेव्हा आमच्या व्यवसायबंधूंनी उच्च न्यायालयापर्यंत जाऊन विरोध केला, आणि न्यायालयाने तो मानला नाही, हे योग्यच झाले. पण पेटीतले पाहायला माणूस लागतो, त्याला वेळ लागतो, आणि पाहण्याची इच्छा लागते. तुझी नोंद जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे आपोआप जाईल, तिथे ती वाचता येईल, आणि मधल्या मध्ये कोणाला पुसता येणार नाही, याचा बंदोबस्त आधी दाखव. नाहीतर गडचिरोलीसाठी केलेली सोय दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्यात, दुसऱ्याच कामाला लागेल.

भाची : मग पहिली काही वर्षे गर्भाची तपासणी यातून वगळायची का? यकृत, मूत्रपिंड, प्लीहा, हृदय यांपुरते यंत्र ठेवायचे? म्हणजे ज्या बाईसाठी मी हे सुरू केले तिलाच दारात थांबवायचे.

या प्रश्नाचे उत्तर मामांनी दिले नाही, आणि माझ्यापाशीही ते नाही. दुर्गम भागात प्लीहा-यकृताची तपासणीही मोलाची आहे यात संशय नाही. पण वार खाली सरकली आहे की काय, हे प्रसूतीच्या आधी कळणे हा तिथल्या स्त्रीच्या दृष्टीने जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे, आणि जिने कोणाचाही गर्भ पाडला नाही तिच्याच वाट्याला या निर्बंधांचा भार येतो. तरीही २०११ च्या आकड्यांकडे पाहिल्यावर निर्बंध सैल करा असे म्हणायला माझी लेखणी धजत नाही. यंत्र करणाऱ्यांनी कायदा करणाऱ्यांकडे दरखास्त घेऊन जावे, आणि तिच्यात सवलतीच्या मागणीआधी तपासणीची हमी असावी, एवढेच मला खात्रीने म्हणता येते.

बोलणे अखेर पुन्हा त्या लहानशा कवचाकडेच आले.

भाची : ठीक आहे, तिसरी मोटार मी काढते. वजनही कमी होईल आणि उष्णताही. दाबमापक मात्र राहील, आणि त्याचे माप दोन्हीकडे दिसेल : तुम्हाला ग्रॅममध्ये, सिस्टरला मुठीवरच्या दिव्याच्या रंगात. शीर मिटते का हे पाहायचे असेल तेव्हा तुम्ही तिला 'दाबा' म्हणायचे.

मामा : आणि तिने मध्येच प्रोब उचलला तर?

भाची : तर तुमच्या पडद्यावरचे चित्र जाईल आणि मोटारी आपोआप थांबतील. त्या पुन्हा सुरू होतील त्या तिने प्रोब परत टेकवल्यावरच, तुमच्याकडून नाही.

मामा : असेच हवे. मी तिला विचारीन, का उचललात. आणि ती जे सांगेल ते अहवालात जाईल. आज आमच्या अहवालाच्या नमुन्यात रुग्णाचे नाव असते, पाठवणाऱ्याचे असते, तपासणाऱ्याचे असते. हात लावून बसलेल्या माणसाचे नसते. तो रकाना तू नमुन्यात आखून घे, आणि तिच्या सहीला माझ्या सहीशेजारी जागा ठेव.

भाची : सही केली की जबाबदारीही तिच्यावर येईल. चौकशीच्या वेळी सर्वांत लहान पगाराच्या माणसाकडे बोट दाखवणे सगळ्यांनाच सोपे जाते.

मामा : म्हणून तर मोटारींची नोंद आणि दाबाची नोंद वेगवेगळी ठेवायची. जे तिने केले ते तिच्या नावावर, जे मी केले ते माझ्या.